लाइफ कोचिंगच्या सरावासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर

लाइफ कोचिंगच्या सरावासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर ही कोचिंग शिकणाऱ्यांमध्ये अलीकडे रूढ होत असलेली प्रशिक्षणपद्धती आहे. या पद्धतीत चॅटबॉट किंवा बोलणारी संगणक प्रणाली क्लायंटची, म्हणजे कोचकडे आपला प्रश्न घेऊन आलेल्या व्यक्तीची, भूमिका वठवते. शिकाऊ कोच तिच्याशी संभाषण करतो आणि नंतर त्या संभाषणाच्या लिखित नोंदीचे परीक्षण करतो. ऐकणे, मुक्त प्रश्न विचारणे, समोरच्याचे म्हणणे नेमकेपणाने त्याच्यापुढे पुन्हा मांडणे आणि सल्ला देण्याचा मोह आवरणे ही कौशल्ये अशा सरावाचा मुख्य विषय असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सार्वजनिक वापरासाठी खुले झाल्यानंतर ही पद्धत सर्वसामान्य शिकाऊ कोचांच्या आवाक्यात आली. यंत्राला रुग्णाच्या जागी बसवण्याची कल्पना मात्र त्याहून अर्धशतकाने जुनी आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

महाराष्ट्रात ‘कोचिंग’ या शब्दाने प्रथम स्पर्धापरीक्षांचे आणि प्रवेशपरीक्षांचे खाजगी शिकवणी वर्ग डोळ्यांसमोर येतात. लाइफ कोचिंगचा अर्थ याच्या जवळजवळ उलट आहे. शिकवणी वर्गात शिक्षकाला उत्तर ठाऊक असते; लाइफ कोचने मात्र उत्तर आपल्याला ठाऊक नाही असे गृहीत धरून क्लायंटला स्वतःचे उत्तर शोधण्यास साहाय्य करायचे असते. समुपदेशनाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत येणारा ‘सल्लार्थी’ हा शब्दही इथे अडचणीचा ठरतो, कारण त्यात सल्ल्याची अपेक्षा गृहीत आहे. त्यामुळे मराठी भाषक कोचांमध्ये ‘क्लायंट’ हाच शब्द अधिक रुळलेला आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतः कोच म्हणून काम करते तो प्रकार या लेखाच्या विषयापासून वेगळा आहे. त्या दिशेनेही संशोधन झाले आहे. दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश विद्यापीठाचे निकी टेरब्लांश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ध्येयपूर्तीच्या मर्यादित निकषावर चॅटबॉट कोच आणि मानवी कोच यांचे परिणाम तुल्यबळ आढळले होते. सरावाच्या पद्धतीत भूमिकांची अदलाबदल होते: माणूस कोच असतो आणि यंत्र क्लायंट. यंत्राला तिसरीही एक भूमिका देता येते, ती निरीक्षकाची. या दोन भूमिकांचे गुणदोष वेगवेगळे असल्याने त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

सरावाची गरज

आधुनिक कोचिंगवर मानसशास्त्र आणि क्रीडाप्रशिक्षण या दोन्ही क्षेत्रांचे संस्कार आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० आणि १९५० च्या दशकांत व्यक्तिकेंद्री उपचारपद्धती मांडली आणि सल्ला देण्याऐवजी सहानुभूतीने ऐकण्याला मध्यवर्ती स्थान दिले. टिमोथी गॅलवे यांच्या १९७४ सालच्या टेनिसवरील पुस्तकाने, खेळाडूला सतत सूचना देण्यापेक्षा त्याचे लक्ष त्याच्याच अनुभवाकडे वळवणे अधिक उपयुक्त असते, हा विचार लोकप्रिय केला. ब्रिटनमधील जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ च्या पुस्तकामुळे ध्येय, वास्तव, पर्याय आणि निश्चय या चार टप्प्यांचे ‘ग्रो’ प्रारूप सर्वत्र पोहोचले. अमेरिकेत थॉमस लिओनार्ड यांनी १९९५ साली आंतरराष्ट्रीय कोच महासंघाची स्थापना केली. आज ‘आयसीएफ’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही संस्था कोचांचे प्रमाणन करते.

आयसीएफच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि क्लायंटबरोबरचे १०० तास लागतात. दुसऱ्या पातळीसाठी हे आकडे अनुक्रमे १२५ आणि ५०० आहेत. पुस्तकी ज्ञानापेक्षा प्रत्यक्ष संभाषणाला दिलेले हे वजन कौशल्याच्या स्वरूपातून आले आहे. मुक्त प्रश्न कशाला म्हणतात हे अर्ध्या तासात समजते. रडवेल्या माणसासमोर तो सुचणे ही सवयीची बाब आहे, आणि सवय पुनरावृत्तीशिवाय लागत नाही.

नवख्या कोचचा सर्वांत हट्टी दोष म्हणजे सल्ला. प्रेरणात्मक मुलाखतपद्धतीचे प्रवर्तक विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी समोरच्याचे चुकते आहे असे वाटताच ते दुरुस्त करायला धावण्याच्या या ऊर्मीला खास नावच दिले आहे. ती चांगुलपणातून येते, म्हणूनच ती सुटणे अवघड असते. मराठी घरांत वडीलधाऱ्यांनी धाकट्यांना चार गोष्टी सांगणे हे प्रेमाचे लक्षण मानले जाते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

परंपरेने हा सराव सहाध्यायींमध्ये होतो. दोघे जण आळीपाळीने कोच आणि क्लायंट होतात, तिसरा निरीक्षण करतो. या रचनेत एक उणीव आहे: क्लायंट झालेल्या सहाध्यायीलाही कोचिंगचे व्याकरण ठाऊक असल्याने तो अवघड होऊन बसत नाही, मदतच करतो. दुसरा मार्ग म्हणजे ओळखीच्यांना किंवा कमी शुल्कात येणाऱ्यांना क्लायंट करणे. तिथे शिकाऊ कोचच्या चुकांची किंमत खऱ्या माणसाला, त्याच्या खऱ्या प्रश्नावर मोजावी लागते. यंत्राशी सराव करण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे.

पूर्वपीठिका

खऱ्या गरजवंताऐवजी सोंग घेतलेल्या व्यक्तीवर सराव करण्याची रीत वैद्यकीय शिक्षणातून आली. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात रुग्णाची लक्षणे आणि वागणूक हुबेहूब वठवणाऱ्या व्यक्तीचा उपयोग विद्यार्थ्यांच्या परीक्षणासाठी सुरू केला. त्याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकप्रशिक्षणासाठी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत विकसित केली. महाराष्ट्रातील बी.एड.च्या विद्यार्थ्यांना ती चांगली परिचित आहे: काही मिनिटांचा पाठ, एका वेळी एकच कौशल्य, विद्यार्थ्यांच्या जागी बसलेले सहाध्यायी, लगेच प्रत्याभरण आणि पुन्हा तोच पाठ. कोचिंगच्या यांत्रिक सरावाची आजची उत्तम रूपे या सूक्ष्म अध्यापनाचीच भावंडे म्हणावी लागतील.

संगणकाच्या बाजूने इतिहास उलट्या दिशेने सुरू झाला. एमआयटीमधील जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ या आज्ञावलीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची सर्वांत गाजलेली संहिता रॉजर्सपंथी मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करी; वापरणाऱ्याच्या वाक्यातील शब्द फिरवून त्यांचाच प्रश्न करून परत देई. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील एलायझा डूलिटल हिच्यावरून हे नाव ठेवण्यात आले होते. पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ लिहिले, त्यामुळे मराठी रसिक या एलायझाला मंजुळा म्हणून ओळखतात. आपल्या चिटणीस महिलेने एलायझाशी बोलताना आपल्याला खोलीबाहेर जायला सांगितले, हा प्रसंग वायझेनबॉम यांनी १९७६ सालच्या पुस्तकात नोंदवला आहे. आज्ञावलीला काहीच कळत नसताना माणसे तिच्यापाशी मन मोकळे करतात, याने ते अस्वस्थ झाले होते.

१९७२ साली स्टॅनफर्डमधील मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांनी संशयविकाराने ग्रासलेल्या रुग्णासारखा बोलणारा ‘पॅरी’ तयार केला. सरावाच्या दृष्टीने हा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे, कारण इथे यंत्र प्रथमच मदत मागणाऱ्याच्या खुर्चीत बसले. त्याच वर्षी पॅरी आणि एलायझाची संहिता यांचे अर्पानेटवरून संभाषणही घडवून आणण्यात आले.

पुढच्या काळातील दोन प्रयत्न आजच्या पद्धतीच्या अधिक जवळचे आहेत. यूटा विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने विकसित झालेला आणि २०१९ साली अभ्यासला गेलेला ‘क्लायंटबॉट’ हा रुग्णासारखा बोलत असे आणि प्रशिक्षणार्थ्याचे प्रत्येक वाक्य प्रश्न आहे की प्रतिबिंबन हे तत्काळ सांगत असे. असे तत्काळ प्रत्याभरण मिळालेल्यांनी मुक्त प्रश्न आणि प्रतिबिंबने यांचा अधिक वापर केल्याचे आढळले. अमेरिकेतील लैंगिक अल्पसंख्याक तरुणांसाठी काम करणाऱ्या ‘ट्रेव्हर प्रोजेक्ट’ या संस्थेने २०२१ साली गूगलच्या साहाय्याने ‘रायली’ नावाचे किशोरवयीन पात्र तयार केले. जीपीटी-२ या भाषा प्रारूपाला स्वयंसेवकांच्या आधीच्या भूमिकानाट्यांच्या नोंदी शिकवून ते घडवण्यात आले. रायलीशी बोलून स्वयंसेवक तयारी करतात. संकटात सापडलेल्या तरुणांशी मात्र माणसेच बोलतात, ही मर्यादा संस्थेने आरंभीच स्पष्ट केली होती.

सरावाची पद्धत

आजच्या भाषा प्रारूपांना साध्या भाषेत सूचना देऊन क्लायंट घडवता येतो. सरावाचा दर्जा बहुतांशी या सूचनेवर अवलंबून असतो. ‘तू क्लायंट हो आणि मी कोच’ एवढ्या सूचनेवर यंत्र जो क्लायंट उभा करते तो मोकळा, विचारी आणि आभारी असतो. तिसऱ्या प्रश्नाला त्याला आत्मबोध होतो आणि पाचव्याला तो कृतियोजना मांडू लागतो. असे क्लायंट प्रत्यक्षात फारसे भेटत नाहीत.

उपयुक्त सूचनेत व्यक्तीचे वय, व्यवसाय आणि घरची परिस्थिती यांबरोबरच ती काय लपवते आहे आणि ते कोणत्या अटीवर उघड करील, हेही सांगितलेले असते. उदाहरणार्थ: नाशिकमधील ३८ वर्षांची बँक अधिकारी, बढती मिळाली आहे, पण ती घेतल्यास नागपूरला बदली होणार, सासूबाई आजारी, मुलगा दहावीत. बोलताना ती घरच्या अडचणी सांगते. तिला स्वतःलाच नव्या पदाची धास्ती वाटते, ही गोष्ट ती सरळ विचारूनही कबूल करत नाही. दोनदा नीट ऐकून घेतले गेले तरच ती त्याकडे वळते, आणि सल्ला मिळाला तर ‘बघू, विचार करते’ म्हणून गप्प होते. उत्तरे एकदोन वाक्यांचीच असावीत, असेही सूचनेत बजावलेले असते.

अशा क्लायंटसमोर शिकाऊ कोचची चूक लगेच दिसते. ती म्हणते, ‘या वर्षी घर सोडून जाणं शक्यच नाही हो, आणि नकार दिला तर पुन्हा कधी विचारतील असं वाटत नाही.’ कोच विचारतो, ‘एक वर्षाची मुदत मागून पाहिलीत का?’ हे वाक्य प्रश्नचिन्हात संपत असले तरी तो सल्लाच आहे, आणि संभाषण तिथेच अडते. हाच क्षण पुन्हा घेता येतो, ही यंत्राची खरी सोय. दुसऱ्या खेपेला कोच म्हणतो, ‘जाणं शक्य नाही, आणि नाही म्हणणंही जड जातंय.’ यात प्रश्न नाही. तिच्याच म्हणण्याच्या दोन्ही बाजू तिच्यापुढे ठेवल्या आहेत. यावर ती काय बोलते ते पाहून तिसरी, चौथी पद्धत आजमावता येते. खऱ्या क्लायंटसमोर अशी पुनरावृत्ती अशक्य असते आणि सहाध्यायी तिसऱ्या खेपेला कंटाळतो.

सूक्ष्म अध्यापनाप्रमाणे एका बैठकीत एकच कौशल्य घेणे अधिक फलदायी ठरते. पूर्ण तासाभराच्या सत्रापेक्षा केवळ पहिली पाच मिनिटे, म्हणजे आजच्या बोलण्यातून क्लायंटला काय हवे आहे ते ठरवण्याचा भाग, दहा वेगवेगळ्या पात्रांबरोबर करून पाहणे हा एक प्रकार. सत्राच्या शेवटी ‘बघते, जमलं तर करते’ म्हणणाऱ्याला त्याच्या कलाने निश्चयापर्यंत आणणे हा दुसरा.

प्रत्याभरण

संभाषणाची लिखित नोंद आपोआप तयार होणे हा या पद्धतीचा दुसरा मोठा लाभ आहे. रॉजर्स यांनी १९४२ साली एका संपूर्ण उपचाराच्या ध्वनिमुद्रणाची शब्दशः नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून अशी नोंद हे प्रशिक्षणाचे प्रमुख साधन मानले जाते. प्रेरणात्मक मुलाखतीच्या क्षेत्रात तिच्या मोजमापाची पद्धतही रूढ आहे. ‘मिटी’ या मूल्यमापन संहितेच्या ४.२ या आवृत्तीत प्रत्येक प्रश्नामागे किमान एक प्रतिबिंबन ही साधारण पातळी आणि दोन प्रतिबिंबने ही चांगली पातळी धरली आहे. नवशिक्यांच्या नोंदीत हे प्रमाण बहुधा उलटे असते. संभाषण उलटतपासणीसारखे वाचले जाते.

प्रश्न किती, त्यांपैकी ‘हो-नाही’त उत्तर देता येण्याजोगे किती, सल्ले कुठे शिरले, कोच आणि क्लायंट यांच्या शब्दसंख्येचे प्रमाण काय, अशी मोजदाद भाषा प्रारूपाकडून करून घेता येते. वाक्य उद्धृत करून वर्गीकरण मागितल्यास ते स्वतः पडताळूनही पाहता येते. ‘माझे सत्र कसे झाले?’ या प्रश्नाला मात्र यंत्राकडून बहुधा कौतुकच मिळते. म्हणून परीक्षणासाठी वेगळे संभाषण उघडणे आणि नोंद स्वतःची असल्याचे न सांगणे, ही खबरदारी घेणे इष्ट ठरते.

मर्यादा

या पद्धतीचा सर्वांत गंभीर दोष यंत्राच्या गोड स्वभावात आहे. संभाषणासाठी तयार केलेली भाषा प्रारूपे माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांच्या आधारे घडवली जातात, आणि माणसांना सहमती आवडते. या खुशामतखोरीचा अभ्यास २०२३ पासून प्रसिद्ध झालेला आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला जीपीटी-४ओ या प्रारूपाची एक सुधारित आवृत्ती अतिरेकी होकारामुळे मागे घ्यावी लागली होती. क्लायंटच्या भूमिकेतही हा स्वभाव डोकावतो: सामान्य प्रश्नालाही ‘हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे’ असे उत्तर मिळते. अशा क्लायंटशी शेकडो तास बोललेला कोच आत्मविश्वास कमावतो, पण त्याचे कौशल्य तेवढ्या प्रमाणात वाढलेले नसते, आणि ही तफावत त्याला पहिल्या अबोल माणसासमोरच कळते.

दुसरी मर्यादा शांततेची. कोचिंगमध्ये प्रश्नानंतर पडणारी दहावीस सेकंदांची स्तब्धता अनेकदा सर्वांत मोलाची असते. क्लायंट तेव्हा विचार करत असतो आणि कोचला ती भंग न करण्याचे बळ लागते. लिखित चॅटमध्ये उत्तर क्षणात येते. बोलणाऱ्या प्रणाली आवाज थांबला की बोलणाऱ्याची पाळी संपली असे धरतात. ‘क्लायंट बराच वेळ गप्प राहतो’ असे यंत्र लिहू शकते, पण तो वेळ अंगावर घेण्याचा अनुभव त्या वाक्यातून मिळत नाही. डोळ्यांत आलेले पाणी, बदललेली बैठक, आवंढा गिळणे यांचेही तसेच.

लांबत गेलेल्या संभाषणात यंत्र भूमिका सोडून स्वतःच मार्गदर्शन करू लागते, हा दोष त्या मानाने किरकोळ आहे. सूचना पुन्हा दिल्यावर तो बहुधा दूर होतो. यंत्राबरोबर सुधारलेली कौशल्ये खऱ्या क्लायंटसमोर कितपत टिकतात हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. अल्पकालीन अभ्यासांतून त्याचे पूर्ण उत्तर मिळू शकत नाही.

मराठीतील सराव

मराठीत सराव करताना काही वेगळे प्रश्न उभे राहतात. संबोधन हा त्यांपैकी पहिला. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील निवड ही मराठी संभाषणात नाते ठरवण्याची कृती असते. पंचविशीतील कोचने पन्नाशीच्या शिक्षिकेला ‘तुम्ही’ म्हणणे आणि त्या शिक्षिकेने त्याला सहजपणे ‘अरे’ म्हणणे यात सत्तेचा तोल कोचच्या विरुद्ध झुकलेला असतो. तो सांभाळणे हे इथल्या कोचचे खास कौशल्य आहे. यंत्र पुष्कळदा एकाच संभाषणात ही संबोधने मिसळते. मराठी क्रियापदातून बोलणाऱ्याचे लिंग व्यक्त होते, त्यामुळे ‘मी ठरवते’ म्हणणारी क्लायंट मध्येच ‘मी ठरवतो’ म्हणू लागल्याचेही आढळते.

शब्दकळेचा प्रश्न याहून खोल आहे. यंत्राचा मराठी क्लायंट ‘मला चिंता वाटत आहे’ असे पुस्तकी बोलतो. प्रत्यक्षात माणूस ‘कशात मनच लागत नाही’, ‘डोक्याला नुसता ताप झालाय’ किंवा नुसतेच ‘काही नाही हो’ म्हणतो, आणि या वाक्यांमागे काय दडले आहे ते ओळखणे हेच शिकायचे असते. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या क्लायंटचे सोंग यंत्राला याहूनही कमी साधते. सूचनेतच त्या व्यक्तीच्या तोंडची दहाबारा वाक्ये नमुन्यादाखल दिल्यास भाषा बरीच सुधारते.

गोपनीयता, नियमन आणि नैतिक प्रश्न

काल्पनिक क्लायंटबरोबरच्या सरावात गोपनीयतेचा भंग होत नाही. धोका निर्माण होतो तो खऱ्या क्लायंटचा तपशील यंत्राला सांगून ‘त्याच्यासारखा वाग’ अशी सूचना दिल्यावर, किंवा खऱ्या सत्राचे ध्वनिमुद्रण परीक्षणासाठी चढवल्यावर. नाव गाळले तरी गाव, हुद्दा आणि घरची परिस्थिती यांवरून लहान शहरात माणूस सहज ओळखू येतो. भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीपूर्ण संमती हा या कायद्याचा एक आधार आहे. कोचिंगमधील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी आयसीएफनेही २०२४ साली स्वतंत्र आराखडा प्रसिद्ध केला. प्रमाणपत्रासाठी लागणारे तास क्लायंट असलेल्या माणसांबरोबरचे असतात. यंत्राबरोबरच्या सरावाने त्यांची भरपाई होत नाही.

भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. लाइफ कोचसाठी असा कोणताही परवाना नाही. कोणीही स्वतःला लाइफ कोच म्हणवू शकतो. त्यामुळे कोचिंगची हद्द कुठे संपते हे ओळखण्याची जबाबदारी सर्वस्वी कोचवर पडते. सरावासाठी घडवलेल्या पात्रांपैकी काहींच्या बोलण्यात दीर्घकाळची निराशा, घरगुती हिंसा किंवा आत्मघाताचे विचार यांच्या खुणा मुद्दाम पेरलेल्या असाव्यात, असे त्यामुळेच सुचवले जाते. अशा वेळी कोचिंग थांबवून, जे ऐकू आले त्याविषयी सरळ आणि शांतपणे विचारणे, मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास साहाय्य करणे आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक देणे अपेक्षित असते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून ती मराठीतही उपलब्ध आहे. हे शब्द प्रथमच उच्चारताना बहुतेकांची जीभ अडखळते. ती यंत्रासमोर अडखळलेली बरी.